भडकपणा आणि औचित्य : जो फार्कस यांची जहाज-अंतर्सजावट व तिच्याविषयीचे मतभेद

प्रस्तावना

पर्यटनासाठी बांधल्या जाणाऱ्या प्रवासी जहाजांची अंतर्सजावट हा वास्तुकलेच्या अभ्यासात फारसा न चर्चिला गेलेला विषय आहे. ज्या थोड्याफार लेखनात तिचा उल्लेख येतो तेथेही तो बहुधा एखाद्या उपहासाच्या वाक्यापुरताच असतो. या उपहासाचे सर्वांत ठळक लक्ष्य ठरले ते अमेरिकन वास्तुरचनाकार जो फार्कस यांचे काम. १९७५ च्या सुमारास सुरू झालेली आणि २०११ मधील 'कार्निव्हल मॅजिक' या जहाजापर्यंत चाललेली त्यांची कारकीर्द बव्हंशी कार्निव्हल क्रूझ लाइन्स या मायामीच्या कंपनीशी निगडित आहे. निऑनच्या रंगीत नळ्या, चकचकीत पितळ, आरशांची छते, इजिप्तच्या शवपेटिका, चित्रपटांतून उचललेली मद्यालये, शिल्पांच्या प्रतिकृती अशी सर्व सामग्री या सजावटीत एकाच छताखाली नांदते. एका पक्षाला तीत बटबटीतपणाखेरीज काही दिसत नाही. दुसऱ्या पक्षाला तीत कल्पकता, खेळकरपणा आणि सुट्टीवर आलेल्या सामान्य माणसाविषयीची आस्था दिसते.

हा वाद सामान्यतः 'सुसंस्कृत अभिरुची विरुद्ध असंस्कृत अभिरुची' असा मांडला जातो. प्रस्तुत लेखात या मांडणीचीच तपासणी केली आहे. वादाचे खरे मूळ अभिरुचीच्या उच्चनीचतेपेक्षा औचित्याच्या प्रश्नात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी आलंकारिक क्षेमेंद्र याने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात अलंकाराचे सौंदर्य त्याच्या स्थानाशी बांधले. गळ्यात मेखला आणि कमरेवर हार घातला तर दागिना अस्सल असूनही हसेच होते, हा त्याचा दृष्टांत संस्कृत साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. अलंकार किती आहे यापेक्षा तो कोठे आहे आणि कशासाठी आहे हा प्रश्न क्षेमेंद्र आधी विचारतो. फार्कस यांच्या टीकाकारांनी पहिल्या प्रश्नातच इतका वेळ घालविला, की दुसरा विचारावयाचा राहून गेला.

समुद्र विसरायला लावणारी परंपरा

फार्कस यांच्यावरील एक नेहमीचा आक्षेप असा, की त्यांची सजावट जहाजाला शोभत नाही. जहाज जहाजासारखे दिसावे, त्यात समुद्राची जाणीव असावी, लास व्हेगासचा जुगारगृहांचा रस्ता उचलून पाण्यावर ठेवू नये, असे या पक्षाचे म्हणणे आहे. ऐकताक्षणी ते पटते. मात्र 'जहाजासारखे जहाज' ही कल्पना किती जुनी आहे याचा शोध घेतला असता वेगळेच चित्र समोर येते.

१९१४ मध्ये सेवेत आलेल्या 'अ‍ॅक्विटानिया' या कुनार्ड कंपनीच्या जहाजाची अंतर्सजावट आर्थर डेव्हिस यांची होती. त्यातील दालने इंग्लंडमधील सतराव्या-अठराव्या शतकांतील वास्तूंच्या धर्तीवर सजविलेली होती. आपल्या या निवडीचे जे स्पष्टीकरण डेव्हिस यांनी पुढे दिले ते मोठे मार्मिक आहे. त्यांचा आशय असा, की जहाजातून प्रवास करणारे लोक काही समुद्री चाचे नसतात. बोट लागून बेजार झालेल्या प्रवाशांना आपण जहाजावर आहोत हीच गोष्ट विसरावयाची असते. म्हणजे ज्या काळाला आज 'अभिजात जहाजांचा काळ' म्हणून गौरविले जाते, त्या काळातील सजावटीचे उद्दिष्टच मुळी जहाजपण झाकणे हे होते.

मुंबईशी थेट संबंध असलेले उदाहरणही याचीच साक्ष देते. पी. अँड ओ. कंपनीचे 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' हे जहाज १९२९ मध्ये इंग्लंड-मुंबई मार्गावर आले. त्याच्या अंतर्सजावटीची आखणी कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांची कन्या एल्सी मॅके हिने केली होती. १९२८ मध्ये विमानाने अटलांटिक ओलांडण्याच्या प्रयत्नात तिचा अंत झाल्याने पूर्ण झालेले जहाज मात्र तिला पाहता आले नाही. या जहाजातील धूम्रपानाचे दालन एखाद्या सरदाराच्या गढीतील दिवाणखान्यासारखे होते, तर पोहण्याचा तलाव प्राचीन पाँपेई नगराच्या शैलीतला होता. तांबड्या समुद्रातून मुंबईकडे येणाऱ्या पोलादी जहाजाच्या पोटात सरंजामी गढी आणि रोमन स्नानगृह! हीच कल्पना साठ वर्षांनी मायामीच्या कंपनीने केली असती तर तिला कोणती विशेषणे लाभली असती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. 'व्हाइसरॉय'ची सजावट आज 'वैभव' या सदरात मोडते. तिचा प्रवासी कलेक्टर किंवा कर्नल होता, एवढाच फरक.

१९३५ चे फ्रेंच जहाज 'नॉर्मंडी' हे तर जहाज-सजावटीचे सर्वोच्च शिखर मानले जाते. त्याच्या पहिल्या वर्गाचे भोजनगृह सुमारे ९३ मीटर लांबीचे होते आणि तेथे सातशे माणसे एका वेळी जेवू शकत. या भव्य दालनाला बाहेर उघडणारी एकही खिडकी नव्हती. लालिक यांच्या काचेच्या प्रकाशस्तंभांनी ते उजळलेले असे. समुद्राकडे इतकी निःशंक पाठ फार्कस यांच्याही फार थोड्या दालनांनी फिरविली असेल.

मग 'जहाजपणा'चा निकष आला कोठून? तो आला आधुनिकतावादी वास्तुविचारातून. ल कॉर्बुझिए यांनी १९२३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात जहाजाचे डेक, कठडे आणि पांढरे सपाट पृष्ठभाग नव्या वास्तुकलेचा आदर्श म्हणून पुढे ठेवले. त्यांनी उदाहरणादाखल घेतलेल्या जहाजांत 'अ‍ॅक्विटानिया'ही होते, पण तिच्या आतील दालनांकडे त्यांनी सोयीस्कर दुर्लक्ष केले. पुढे १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्गावरील 'ओरायन' या जहाजात ब्रायन ओरोर्क यांनी हा विचार आत आणला. साधे आकार, उजळ रंग, डेककडे मोकळी होणारी दालने असे तिचे रूप होते. १९६१ चे 'कॅनबेरा' याच वाटेने गेले. ही परंपरा निश्चितच मोलाची आहे. परंतु ती अनेक परंपरांपैकी एक आहे, आणि वयाने धाकटी आहे. तिने आपला निकष सर्वकालीन म्हणून पुढे केला आणि टीकाकारांनी तो तपासणी न करता स्वीकारला.

सजावटीचे अधिकार कोणाच्या हाती असतात याविषयी एक प्रसंग येथे नोंदविण्याजोगा आहे. 'क्वीन मेरी' (१९३६) या जहाजाच्या मुख्य दालनासाठी चित्रकार डंकन ग्रँट यांच्याकडून मोठी भित्तिचित्रे करवून घेण्यात आली आणि ती पूर्ण होत आल्यावर कंपनीने नाकारली. प्रवाशांना काय रुचेल हे कलावंतापेक्षा आपल्याला अधिक कळते, असा कुनार्डचा विश्वास होता. फार्कस यांच्या बाबतीत असा संघर्ष उद्भवला नाही. कंपनीची इच्छा आणि रचनाकाराची वृत्ती येथे एकच होती. ही त्यांच्या कामाची शक्ती आहे की मर्यादा, याविषयी दुमत होऊ शकते.

मायामीची पाठशाळा

फार्कस यांची जडणघडण समजून घेण्यासाठी मॉरिस लॅपिडस या नावापाशी थांबणे आवश्यक आहे. लॅपिडस यांनी मायामी बीच येथे १९५४ मध्ये 'फॉन्टेनब्लो' हे हॉटेल बांधले. त्यात एक भव्य वक्राकार जिना होता. तो वर जाऊन कोठेही महत्त्वाच्या ठिकाणी पोहोचत नसे. वर कोट ठेवावयाचे आणि सर्वांच्या नजरा झेलीत थाटात खाली उतरावयाचे, एवढाच त्याचा उपयोग. तत्कालीन वास्तुसमीक्षेने या हॉटेलाची यथेच्छ टवाळी केली. पुढे हेच हॉटेल २००८ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झाले. लॅपिडस यांच्या आत्मचरित्राचे नावच, अति कधीच पुरेसे नसते अशा आशयाचे आहे.

या लॅपिडस यांच्या कार्यालयात काम करीत असताना फार्कस यांचा जहाजाशी प्रथम संबंध आला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कार्निव्हल कंपनीपाशी आरंभी जुनी, अटलांटिकच्या मार्गावरून निवृत्त झालेली जहाजे होती. इंधन महागल्याने ती सावकाश चालविणे भाग होते. बंदरे कमी आणि समुद्रावरचा वेळ जास्त, अशी स्थिती झाल्यावर जहाजावरील करमणूक हेच प्रवासाचे आकर्षण ठरविणे कंपनीच्या हिताचे होते. येथे एक मूलभूत पालट घडला. पूर्वीचे जहाज वाहन होते. ते कोठेतरी पोहोचविण्यासाठी निघे. कार्निव्हलचे जहाज शनिवारी ज्या धक्क्यावरून सुटे त्याच धक्क्यावर परत येई. जे कोठेच पोहोचवीत नाही, त्याने स्वतःच एक ठिकाण व्हावे लागते. फार्कस यांनी स्वतःच्या कामाला 'करमणुकीचे वास्तुशिल्प' असे नाव दिले आहे. त्यामागील तर्क हाच आहे.

क्षेमेंद्राचा निकष येथे लावून पाहता येईल. वाहनाला जे उचित ते ठिकाणाला उचित असेलच असे नाही. देवदर्शनास निघालेल्या गाडीला रोषणाई केली तर ती विचित्र दिसेल. पण जत्रेच्या मैदानाला ती केली नाही तर जत्राच वाटणार नाही. फार्कस यांच्या टीकाकारांनी जत्रेला गाडीचे नियम लावले.

पृष्ठभागाचे राज्य

सजावटीतील चकचकाट आणि खोटेपणा यांविषयीच्या आक्षेपाला एक भौतिक बाजू आहे, ती सौंदर्यविषयक चर्चेत क्वचितच येते. १९३४ मध्ये 'मॉरो कॅसल' या अमेरिकन जहाजाला लागलेल्या आगीत १३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लाकडी तावदाने, पडदे आणि रोगण यांनी ती आग झपाट्याने पसरविली होती. तेव्हापासून आगीविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम उत्तरोत्तर कठोर होत गेले आणि जहाजाच्या आत ज्वलनशील सामग्री वापरण्यावर मोठी बंधने आली. भरीव सागवानाचे दालन आज कोणालाही जहाजावर उभारता येत नाही. जे लाकूड दिसते ते न पेटणाऱ्या तक्त्यावर चिकटविलेला पातळ पापुद्रा असते. याचा अर्थ असा, की संयत अभिरुचीचे म्हणून वाखाणले जाणारे 'लाकडी' वाचनालयही आधुनिक जहाजावर एक नक्कलच आहे. ती नक्कल असल्याचे लपविते, इतकेच. फार्कस यांनी धातू, काच, आरसा आणि प्रकाश यांचा आधार घेतला. ही सामग्री पेटत नाही आणि दुसरे काही असल्याचा आवही आणीत नाही. शिवाय दोन डेकमधील उंची मर्यादित असते. बसक्या, विस्तीर्ण दालनात छताला आरसा लावला की दडपण कमी होते. भडक म्हणून हिणविला गेलेला आरसा अनेकदा केवळ उंचीचा प्रश्न सोडवीत असतो.

दुसरे कारण आर्थिक आहे. १९९० मध्ये आलेल्या 'फँटसी'पासून १९९८ च्या 'पॅराडाइज'पर्यंत या वर्गाची आठ जहाजे बांधली गेली. सुमारे सत्तर हजार टनांची, दोन हजारांवर प्रवासी नेणारी ही आठही जहाजे मूळ आराखड्याने जवळजवळ सारखी होती. तेच मधले बहुमजली दालन, तीच भोजनगृहे, तेच प्रेक्षागृह. त्यांना वेगळी ओळख देणारे साधन सजावट हेच होते. वेंच्युरी, स्कॉट ब्राउन आणि आयझेनूर यांनी १९७२ च्या आपल्या लास व्हेगासविषयक ग्रंथात 'सजविलेली शेड' अशी एक संकल्पना मांडली. सामान्य, उपयुक्त रचना आणि तिच्यावर चढविलेली बोलकी चिन्हे असे तिचे स्वरूप. 'फँटसी' वर्गाची जहाजे या संकल्पनेची इतकी चपखल उदाहरणे आहेत, की ग्रंथकारांनी समुद्राकडे पाहिले असते तर त्यांना वाळवंटात जावे लागले नसते.

'फँटसी'च्या मधल्या चौकात उभे राहणाऱ्याला मजल्यामागून मजला उजळीत जाणारी निऑनची वलये दिसत. आपल्याकडील वाड्याच्या चौकात आकाश खाली उतरते. येथे आकाशाच्या जागी विद्युत्प्रकाशाचे इंद्रधनुष्य होते. याच जहाजावर क्लिओपात्राच्या नावाचे मद्यालय होते. तेथे फॅरोंच्या मूर्ती व शवपेटिका भिंतींशी उभ्या होत्या. शवपेटिकेच्या शेजारी बसून मद्यपान करणे हे औचित्याला धरून आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु तेथे बसणाऱ्या कोणालाही आपण इजिप्तमध्ये आहोत असा भ्रम होत नव्हता, आणि तसा तो व्हावा अशी रचनाकाराची अपेक्षाही नव्हती. तमाशातील गणगौळणीत यशोदेचा लाडका बाजारगप्पा मारू लागला म्हणून कोणी भागवत उघडीत नाही.

विनोद आणि गांभीर्य

फार्कस यांच्या सर्व कामाला एकाच मापाने मोजणे ही समर्थक आणि विरोधक या दोहोंची समान चूक आहे. त्यांच्या सजावटीचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात.

पहिला प्रकार विनोदाचा. १९८५ च्या 'हॉलिडे' या जहाजावर त्यांनी लांबच लांब रस्त्यासारखा मार्ग आखला आणि त्यावर एक खरीखुरी जुनी बस आणून ठेवली. बसमध्ये बसून पेय घ्यावयाचे! जहाजावर बसथांबा ही कल्पनाच हास्य उत्पन्न करणारी आहे. एका वाहनाच्या पोटात दुसरे वाहन, आणि दोन्ही प्रवाशाच्या दृष्टीने थांबलेली. जहाज हे वाहन राहिलेले नाही, ही गोष्ट येथे कोणताही सिद्धांत न मांडता सांगितली गेली आहे. याहून पुढची पायरी म्हणजे 'पॅराडाइज'. या जहाजाचा विषयच मुळी 'जुनी थोर जहाजे' हा होता. प्रेक्षागृहाला 'नॉर्मंडी'चे नाव, एका दालनाला 'क्वीन मेरी'चे, वाचनालयाला अटलांटिक सर्वाधिक वेगाने ओलांडणाऱ्या जहाजाला मिळणाऱ्या निळ्या फितीचे. जहाजावर जहाजाची सजावट! 'हे जहाजासारखे दिसत नाही' या आक्षेपाला दिलेले याहून मिश्कील उत्तर संभवत नाही.

दुसरा प्रकार गांभीर्याचा, आणि तेथे फार्कस यांचे काम ढासळते. २००२ मध्ये आलेल्या 'कार्निव्हल प्राइड'वर त्यांनी युरोपीय प्रबोधनकाळातील चित्रांच्या प्रतिमांनी भिंती मढविल्या आणि मांसाहारी भोजनगृहात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची मोठी प्रतिकृती उभी केली. येथे खेळ आहे की पूजन, हे कळत नाही. बस ही बस म्हणून हसविते. डेव्हिड मात्र प्रेक्षकाकडून आदराची मागणी करतो आणि ती करीत असताना आजूबाजूला मांसाच्या थाळ्यांची आवकजावक चालू असते. टीकाकारांना यात अतिरेक दिसला. वास्तविक दोष अतिरेकाचा नसून संकोचाचा आहे: रचनाकाराने एकाएकी आपल्या प्रेक्षकाला 'संस्कृती' देण्याचे मनावर घेतले. क्षेमेंद्राच्या भाषेत, गळ्यातली मेखला ती हीच.

विरोधकांचा आणखी एक मुद्दा मान्य करावा लागतो. या जहाजांवरील सार्वजनिक दालनांत स्वरांची चढउतार कमी आहे. एका झगमगत्या दालनातून दुसऱ्या झगमगत्या दालनात जाताना मधला विसावा मिळत नाही. सर्वच स्वर तार सप्तकात लागले की कोणताच वर चढल्यासारखा वाटत नाही. समर्थक यावर असे सांगतात, की त्या काळातील कार्निव्हलच्या केबिन साध्या, प्रशस्त आणि शांत रंगांच्या होत्या; रात्री डोळे मिटण्यापूर्वी जो विसावा हवा तो तेथे मिळे. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. विसावा मिळविण्यासाठी सहप्रवाशांची संगत सोडून खोलीत जावे लागणे ही सोय म्हणावी की शिक्षा?

संयमाचीही स्वतःची संकटे असतात, हे दुसऱ्या बाजूने पाहता येते. १९९१ च्या 'कोस्टा क्लासिका' या इटालियन जहाजाची सजावट संगमरवर, फिकट रंग आणि मोजक्या रेषा यांवर आधारलेली, समकालीन इटालियन वास्तुविचाराशी नाते सांगणारी होती. तिच्याविषयी अनेकांची तक्रार होती ती थंडपणाची. (पुढे 'निओक्लासिका' या नावाने हे जहाज २०१६-१७ च्या मोसमात मुंबईहून मालदीवकडे जात असे, त्यामुळे मुंबईकर प्रवाशांना ते परिचित आहे.) त्याच कोस्टा कंपनीने, कार्निव्हलच्या मालकीखाली आल्यावर, २००० चे 'कोस्टा अटलांटिका' फार्कस यांच्याकडून सजवून घेतले. त्याच्या डेकना फेलिनी यांच्या चित्रपटांची नावे दिली गेली आणि व्हेनिसमधील १७२० पासूनच्या फ्लोरियन या कॉफीगृहाची प्रतिकृती उभारण्यात आली. ज्यांचा चित्रकर्ता आणि ज्यांचे कॉफीगृह, त्या इटालियनांना ते अमेरिकन हातांतून, मायामीच्या उच्चारांत परत मिळाले.

अभिरुची कोणाची?

अभिरुची ही वर्गभेदाची खूण म्हणून वापरली जाते, हे प्येर बुर्द्यू यांनी १९७९ मध्ये विस्ताराने दाखविले. फार्कस यांच्यावरील टीकेत हा भाग निःसंशय आहे. मात्र तेवढ्यावर वाद संपवून 'जे लोकांना आवडते ते चांगले' या निष्कर्षावर येणे हा आळस ठरेल. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचारातील लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांचा जो विचार केला तो येथे उपयोगी पडतो. जहाजाची सजावट लौकिकाच्या ध्रुवाजवळ उभी आहे. तीत माणसे जेवतात, नाचतात, पैसे हरतात, झोपाळलेल्या मुलांना कडेवर घेऊन जातात. तिला या वापरापासून तोडून चित्राप्रमाणे भिंतीवर टांगले, तर ती हरणारच. तिची परीक्षा वापराच्या संदर्भात करणे म्हणजे तिला सवलत देणे नव्हे. उलट, डेव्हिडचे अपयश आणि बसचे यश हे दोन्ही याच परीक्षेत दिसून येतात.

वापराचा विचार करू लागले की आणखी एक वर्ग दृष्टीस पडतो. त्याचे मत या वादात कोणी नोंदविलेले नाही. 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'च्या काळी पी. अँड ओ.च्या भोजनगृहांत वाढणारे बहुधा गोव्याचे असत. आजही पर्यटन जहाजांवर गोवा आणि मुंबई परिसरातील कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. पितळ चकचकीत ठेवणे आणि आरशावरील बोटांचे ठसे पुसणे हे त्यांचे काम. 'केवळ कर्मचाऱ्यांसाठी' असे लिहिलेले दार उघडले की सजावट तत्क्षणी संपते. पलीकडे रंगविलेले पोलाद, उघडे नळ, नळ्यांचे पांढरे दिवे आणि जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला एक लांब मार्ग असतो. अमेरिकन जहाजांवरील कर्मचारी त्याला तेथील एका महामार्गाचे नाव देतात. आधुनिकतावाद्यांना जे प्रामाणिक, अनलंकृत, 'जहाजासारखे जहाज' हवे होते ते येथे आहे. ते पाहण्याची मुभा प्रवाशाला नाही आणि त्यातून सुटण्याची मुभा कर्मचाऱ्याला नाही. सजावटीची सीमा कोठे आखली गेली, हा प्रश्न निऑन किती वापरले या प्रश्नाहून अधिक गंभीर आहे. आणि तो 'नॉर्मंडी'लाही तितकाच लागू होतो.

उपहासाचे परिणाम

२०१२ मध्ये आलेल्या 'कार्निव्हल ब्रीझ'ची सजावट जर्मनीतील एका संस्थेकडे सोपविण्यात आली. फिकट रंग, किनाऱ्याची आठवण देणारी चित्रे, कोणालाही न खुपणारी दालने. पुढच्याच वर्षी १९९६ चे 'कार्निव्हल डेस्टिनी', एक लाख टनांची मर्यादा ओलांडणारे पहिले प्रवासी जहाज, पंधरा कोटी डॉलरांहून अधिक खर्चाने आमूलाग्र बदलून 'कार्निव्हल सनशाइन' या नावाने परत आले. फार्कस यांची सजावट त्यातून काढून टाकण्यात आली. टीकाकारांचे समाधान झाले असेल. पण नव्या दालनांविषयी भांडण करावे असे त्यांत काही उरले नाही. कोणत्याही विमानतळाच्या प्रतीक्षागृहात किंवा मध्यम हॉटेलात ती शोभली असती. औचित्याच्या दृष्टीने पाहिले तर सगळीकडे शोभणारी सजावट कोठेच उचित नसते.

२०२० मध्ये महासाथीने पर्यटन जहाजे बंद पडली आणि त्यापुढील दोन वर्षांत 'फँटसी' वर्गातील आठांपैकी सहा जहाजे भंगारात गेली. 'फँटसी' स्वतः २०२० च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानातील अलिआगाच्या किनाऱ्यावर चढविण्यात आली. 'नॉर्मंडी' १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जळाली तेव्हा तिच्या सजावटीचा मोठा भाग आधीच उतरवून घेतलेला होता. त्यातील काचेवरील चित्रे आज मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत आणि भोजनगृहाची दारे ब्रुकलिनमधील एका चर्चला लाभली आहेत. निऑनच्या वलयांसाठी असे कोणी पुढे आल्याचे दिसत नाही. वास्तू टिकविण्यासाठी आधी तिच्याविषयी गंभीरपणे कोणीतरी लिहावे लागते. 'फॉन्टेनब्लो'ला ती संधी मिळाली, कारण हॉटेल किनाऱ्यावर उभे राहू शकते. जहाजाचे आयुष्य तीस-पस्तीस वर्षांचे. तेवढ्या अवधीत अभिरुचीचे चक्र पुरते फिरत नाही.

फार्कस यांच्या कारकिर्दीचा आरंभ जेथून झाला ते 'कार्निव्हाल' हे जहाज, नाव बदलून, २००८ मध्ये गुजरातमधील अलंग येथे तोडण्यात आले. बसथांब्याचे 'हॉलिडे'ही अनेक मालक आणि नावे पालटून २०२१ मध्ये तेथेच पोहोचले. अलंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजांतून काढलेल्या सामानाची दुकाने आहेत. खुर्च्या, आरसे, दिवे, काचेची भांडी नगावर आणि वजनावर विकली जातात. सौराष्ट्रातील आणि त्यापलीकडील हॉटेलवाले ती घेऊन जातात. विकत घेणारा खुर्ची हलवून पाहतो, बसून पाहतो आणि भाव करतो.